बरणीतला पाहुणा

यंदा लोणचं घालायचं नाही, असं मी दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी कैऱ्या येतातच. मुलगा परवा मंडीतून पिशवी भरून घेऊन आला, ओट्यावर ठेवली आणि म्हणाला, "आई, या वर्षी थोडंच घाल." थोडंच म्हणजे आठ किलो. आता मनगटं दुखतात, कंबर तर विचारूच नका, आणि दुपारी बारानंतर ग्वाल्हेरचं ऊन असं असतं की बसल्या जागी माणूस शिजावा. कैऱ्या दुकानदारच फोडून देतो. मोहरीची डाळ दाल बाजारातून तयार मिळते. फोडणी सून करते. मिठाला मात्र मी कुणाला हात लावू देत नाही. घरातल्या सगळ्यांना हा म्हातारीचा हट्ट वाटतो. वाटू दे बापडा.

हरिशंकरपुरमच्या या घरात दुपारी सगळं निपचित असतं. कूलर घुरघुरत असतो. मी परात पुढ्यात घेऊन खाली बसले होते. नात शेजारी भिंतीला टेकून फोन बघत होती. जुई तिचं नाव. बँकेत आहे, सुट्टी होती म्हणून मदतीला बसली होती, म्हणजे फोन बघत होती.

"आजी, हे देख ना," ती म्हणाली. "समुद्राच्या एकदम तळाशी मिळालंय. अभी तक किसी ने देखा ही नहीं था. शास्त्रज्ञांनापण माहीत नव्हतं असं काही असतं म्हणून."

मी चष्मा सावरून पाहिलं. काळंकुट्ट पाणी, त्यात बॅटरीच्या उजेडाचा एक गोल, आणि त्या गोलात हळूहळू येणारं ते. पांढुरकं, फुगीर पोट. टाचण्यांसारखे दात. डोळ्यांच्या जागी नुसती कातडी. आणि कपाळातून निघालेला एक दोरा, त्याच्या टोकाला मणी.

माझ्या मुठीतलं मीठ मुठीतच राहिलं.

"मी पाहिलंय हे," मी म्हणाले.

"टीव्हीवर?"

"नाही. लश्करात. आपल्या घरात."

जुई हसली. "आजी, लश्कर में समुद्र कब था?"

लश्कर म्हणजे ग्वाल्हेरची जुनी वस्ती, आमचं पहिलं घर तिथे. समुद्र तिथे कधीच नव्हता. तीच तर सगळी गोष्ट आहे.

मी लग्न होऊन आले ते थंडीत आणि तो माझा सासरचा पहिला उन्हाळा. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात मी, सासरे आणि हे. सासऱ्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. हे सरकारी दफ्तरात कारकून. तेव्हा मध्यभारत होता आणि त्याचं सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला बसायचं. त्यामुळे उन्हाळा लागला की कपाटं, फायली आणि आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष इंदूरला जायचे. नव्या नवरीला हे काय सांगावं, पण नवरा म्हणजे दिवाळीनंतर येणारं आणि होळीनंतर जाणारं काहीतरी असं मला तेव्हा वाटायला लागलं होतं.

त्या वर्षी तर तेही राहणार नव्हतं. आधी संस्थानचा दरबार गेला, मध्यभारत आला. आता मध्यभारतही जाणार होता, मध्यप्रदेश होणार होता, आणि सगळं भोपाळला. आठ वर्षांत तिसरी पाटी. रंगाऱ्यांचे दिवस होते ते. कचेऱ्यांत जुन्या कागदांवरचं नाव शाईने खोडून त्यावर नवं लिहायचे आणि तेच कागद वापरायचे. गल्लीत बायका पाणी भरताना दुसरं काही बोलतच नव्हत्या. तुमचं नाव कोणत्या यादीत? जाणारे, राहणारे आणि जादा, अशा तीन याद्या होत्या म्हणे. जादा म्हणजे काय, हे कुणी मोठ्याने बोलायचं नाही. दख्खनहून आमचे पूर्वज आले ते सहा-सात पिढ्यांपूर्वी, कुणी दरबारच्या लेखणीवर, कुणी फौजेत. आता पुण्याकडचे नातेवाईक पत्रं लिहायचे की तिकडे आपलं राज्य होतंय, तुम्ही काय करणार? मामंजी पत्र वाचून घडी घालायचे आणि म्हणायचे, "आपण काय करणार? आपण इथलेच."

मामंजींचं नाव मात्र अजून कोणत्याच यादीत नव्हतं.

ते एका संग्रहाचे राखणदार होते. दरबारच्या काळात कुणाच्या तरी हौसेने जमवलेल्या चीजा, तीन खोल्यांत भरलेल्या. एक डोळा गेलेला पेंढा भरलेला वाघ, शहामृगाचं अंडं, पोवळ्याची झाडं, आणि बरण्या. काचेच्या बरण्यांत साप, सरडे, मासे. शाळांतली मुलं वर्षातून एकदा बघायला यायची. मामंजी हातात पातळशी छडी घेऊन त्यांना एकेक वस्तू सांगायचे. तीस वर्षं हेच काम. सेवानिवृत्तीला दोनच वर्षं उरलेली. त्यांना एवढंच हवं होतं की संग्रह ग्वाल्हेरला राहावा आणि आपण त्याच्याबरोबर राहावं. लश्करबाहेर ते एक महिनासुद्धा कधी राहिले नव्हते.

नव्या सरकारसाठी सगळ्या वस्तूंची यादी करायची होती. नाव, संख्या, स्थिती. सगळं झालं, एका बरणीपाशी घोडं अडलं. फार जुनी, कुण्या जहाजावरून नजराण्यात आलेल्या पेटीतली. चिठ्ठीला कसर लागून अक्षरं गेलेली. आत ते. इतकी वर्षं मागच्या फळीवर अंधारात होतं, कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. कचेरीने कळवलं, नाव नसलेली वस्तू यादीत घेता येत नाही.

त्याच सुमारास मद्रासकडचे एक प्राध्यापक तिघरा धरणातले मासे बघायला आले होते. मामंजी त्यांना टांग्यात घालून घेऊन आले. ते प्राध्यापक म्हणे बरणीपुढे खुर्ची ओढून तासभर बसले. मापं घेतली, वहीत चित्र काढलं, पुन्हा पुन्हा चष्मा पुसला. मग म्हणाले की तीस वर्षं मी मासेच बघतोय, हे मी पाहिलेलं नाही, कुठल्या पुस्तकातही नाही. फार खोलातलं आहे. हे नवीन असेल तर या संग्रहाला कुणी हात लावणार नाही, तुम्हालाही नाही, मी स्वतः सरकारला लिहीन. पावसाळ्यात मी पत्र पाठवतो, मग बरणी माझ्याकडे धाडा. तोवर एकच करा. आतलं पाणी आटू देऊ नका.

"नावाच्या रकान्यात काय लिहू?" मामंजींनी विचारलं.

"कोरं ठेवा," ते म्हणाले.

मामंजी त्या संध्याकाळी घरी आले ते वेगळेच. मला हाक मारून समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. मला ते 'तुम्ही' म्हणायचे. "सूनबाई, बघा, आपल्या ग्वाल्हेरला. ज्याने समुद्र पाहिला नाही त्याच्या फळीवर." मी त्यांना इतकं खुशीत त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

पंधरा दिवसांत त्या तीन खोल्या कुण्या नव्या कचेरीला दिल्या. वाघ व्हरांड्यात गेला. उन्हात सगळं पडलेलं. मामंजींनी ती एक बरणी तेवढी घरी आणली, टांग्यात मांडीवर घेऊन. स्वतःच रुक्का लिहिला, देणार म्हणून सही केली, खाली घेणार म्हणूनही सही केली, आणि तो देवघराच्या फडताळात ठेवला. असा तो माणूस.

बरणी माजघरातल्या कोनाड्यात ठेवली, जिथे लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला वारा, पोचत नव्हती. पहिले दोन दिवस मी त्या बाजूला बघतच नव्हते. पदर डोळ्यांवर ओढून पुढून जायची. मग सवय झाली. घरात दिवसभर दुसरं होतं कोण? मी भाजी निवडत बसायची तेव्हा ते समोर असायचं, आ वासून. पोटाखाली बोटांसारखी बारीक बारीक झालर होती. मला वाटायचं, इतक्या खोल अंधारात याने कपाळावर दिवा कशाला लावला असेल, डोळे तर नाहीतच. मग तो दुसऱ्या कुणासाठी असणार. त्या वयात असलं काहीबाही मनात यायचं. नंतर मी त्याला पाहुणा म्हणायला लागले. मामंजींना ते आवडलं. जेवायला बसताना विचारायचे, "पाहुण्यांचं कसं काय?"

पाहुण्यांचं ठीक नव्हतं. बरणीचं झाकण लाखेने बंद केलेलं, त्या लाखेला टांग्यात तडा गेला होता. त्यात ते ऊन. मामंजींनी काचेवर पेन्सिलीने खूण केली होती. दर दोन दिवसांनी पाणी एका रेघेने खाली. मी एकदा विचारलं, हे कसलं पाणी आहे?

"औषधी पाणी," ते म्हणाले आणि दुसऱ्या खोलीत गेले.

आता कळतं. ते स्पिरिट होतं. म्हणजे दारूच की. सोवळंओवळं पाळणाऱ्या घरात, नव्या सुनेला, आपण देवघराच्या भिंतीपलीकडे बरणीभर दारू ठेवली आहे हे सासऱ्याने कसं सांगायचं? त्यांच्या तोंडून तो शब्द निघाला नसता. आणि मी दवाखान्यात येतो तसा वास ओळखला, औषधच आहे असं समजले आणि गप्प बसले. बाटलीभर स्पिरिट मिळवायला परवाना लागायचा. तो परवाना द्यायचा कुणी? जुनं खातं मिटलेलं, नवं अजून झालेलं नाही. मामंजी रोज सकाळी छत्री घेऊन निघायचे, दुपारी लाल होऊन परत यायचे. कुठे गेला होतात म्हटलं की "एका कागदासाठी." चपला झिजल्या त्यांच्या. मी आपली पन्ह्याचा पेला पुढे करायची.

शेवटी कुणीतरी सांगितलं, इंदूरला जा, सही तिथेच होईल. दोन गाड्या बदलून जायचं. ऐन ज्येष्ठातले दिवस. निघताना दारात उभे राहून म्हणाले, "पाच-सहा दिवसांत येतो. पोरालाही भेटून येतो. पाहुण्यांकडे लक्ष ठेवा. आटू देऊ नका, सूनबाई. सगळं त्याच्यावर आहे."

आटू देऊ नका. हे शब्द मी किती वेळा घोळवले असतील.

तिसऱ्या दिवशी आंधी आली. सगळ्या घरात धूळ. मी झाडून पुसून माजघरात गेले तर पाणी मण्याच्या खाली गेलेलं. चौथ्या दिवशी कपाळ उघडं. वरची कातडी सुरकुतायला लागली होती. माझी पाचावर धारण बसली. विचारायचं कुणाला? शेजारच्या काकूंना मेलेला मासा घरात आहे हे कळलं असतं तर त्यांनी आमच्याकडचं पाणी सोडलं असतं. तार करायची तर इंदूरचा पत्ता मामंजींनाच ठाऊक.

मग मला वाटलं, हे समुद्रातलं. समुद्राचं पाणी खारट असतं हे मी शाळेत शिकले होते. आणि मिठाच्या पाण्यात वस्तू टिकते हे मला कुणी शिकवायला नको होतं. माहेरी आईच्या हाताखाली मी वर्षाच्या कैऱ्या खारात टिकवल्या होत्या. खार पिवळा झाला, आंबूस झाला की काय करतात? जुना ओतून टाकतात, बरणी धुतात, नवा घालतात. थोडा जुना ठेवून त्यात नवा कधी घालायचा नाही, सगळंच जातं. हे आईचं सांगणं.

मी अंघोळ केली. मीठ घातलं, पाणी उकळलं, गाळून घेतलं, पूर्ण गार होऊ दिलं. त्यात बटाटा सोडून पाहिला, तरंगला. प्रमाण अगदी बरोबर. मग लाख खरवडली, झाकण काढलं, ते पिवळं औषधी पाणी मोरीत ओतलं. सगळं. हाताला फडकं गुंडाळून पाहुण्याला तबकात काढून ठेवलं. काय मऊ होतं ते. बरणी राखेने घासून धुतली, पुसली, त्याला आत ठेवलं, आणि वरून नवं पाणी सोडलं, पेन्सिलीच्या पहिल्या रेघेपर्यंत. इतकं स्वच्छ दिसायला लागलं म्हणून सांगू. मणी पुन्हा वर तरंगला. मला वाटलं, मामंजी बघतील आणि म्हणतील, वा सूनबाई.

हे लिहितानासुद्धा मला लाज वाटते. वेडेपणाची नाही, त्या दुपारी मी किती खूश होते त्याची.

दुसऱ्या दिवशी पाणी धुरकट झालं. तिसऱ्या दिवशी दुधासारखं. मग वास. मी झाकणाला मेण लावलं, वर फडकं बांधलं, उदबत्त्या लावल्या. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं आणि मला ते बघायचंही नव्हतं.

मामंजी सातव्या दिवशी सकाळी आले. एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात पंच्यात गुंडाळलेली बाटली, आणि खिशात कागद. दारातूनच म्हणाले, "झालं काम." मग त्यांना वास आला असावा. ते चपला न काढता माजघरात गेले. आमच्याकडे हे कधी होत नाही.

मी दाराशी उभी. त्यांनी फडकं सोडलं, झाकण काढलं, वाकून पाहिलं.

"काय घातलंत?"

"मिठाचं पाणी. उकळून गार केलेलं."

"आणि आधीचं?"

"ओतून दिलं."

ते खाली बसले. जमिनीवरच. बाटली अजून हातात होती. मी रडायला लागले तर त्यांनी हात वर केला, नको म्हणून. बाटली भिंतीशी सरकवून ठेवली. मग म्हणाले, "मी तुम्हाला सांगायला हवं होतं, त्यात काय आहे ते." एवढंच. मला वाटत होतं त्यांनी ओरडावं. ओरडले असते तर मी केव्हाच विसरून गेले असते.

मामंजी त्याला बरणीतून काढायला गेले तर ते हातात आलंच नाही. मणी तेवढा राहिला, ज्वारीच्या दाण्याएवढा, तोही दुसऱ्या दिवशी वाळून फुटला.

पावसाळ्यात प्राध्यापकांचं पत्र आलं. मामंजींनी उत्तर लिहिलं, इंग्रजीत, सुंदर अक्षरात. मला म्हणाले, कळवलंय, उन्हाने गेलं म्हणून. पुढे ह्यांनी त्याची नक्कल वाचून मला अर्थ सांगितला. त्यात होतं, माझ्या अज्ञानामुळे मी त्यात मिठाचं पाणी घातलं आणि वस्तू नासली, पूर्ण जबाबदारी माझी आहे. कचेरीलाही त्यांनी हेच लिहिलं. तीस वर्षं बरण्या सांभाळलेल्या माणसाने. संग्रह निकालात निघाला. वाघ कुठे गेला कुणास ठाऊक. मामंजींचं नाव जादाच्या यादीत आलं आणि त्यांना जुनी दफ्तरं लावायला भिंडला धाडलं. दोन वर्षं ते तिथे एका खोलीत राहिले, हाताने स्वयंपाक करून.

गोष्ट नातेवाइकांत पसरायची ती पसरलीच. लग्नकार्यात कुणी ना कुणी म्हणायचं, अहो, माशाचं लोणचं घातलंत म्हणे. मामंजी हसायचे. "घातलं खरं, मुरलं नाही," असं म्हणायचे. मी वाढत असायची. माझ्या तोंडातून ब्र निघाला नाही. तेव्हा नव्हता निघाला, ते गेले तेव्हा निघाला नाही, हे गेले तेव्हाही नाही. मुलांनी लहानपणी आजोबांची ही फजिती शंभरदा ऐकली, मीच सांगितली. त्यांनी घातलं, असंच सांगितलं.

पुढच्या वर्षी कैऱ्या आल्या. मामंजी भिंडहून चार दिवस आले होते, खूप वाळलेले. मी फोडी परातीत काढल्या आणि मिठाच्या डब्यापाशी हात थांबला. पुढे जाईना. उठून आत जायला लागले. मामंजी पाटावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मीठ तुम्हीच घाला, सूनबाई," ते म्हणाले. "तुमचं मीठ कधी चुकलेलं नाही. तेव्हाही बरोबरच होतं."

मी घातलं. त्यानंतर दरवर्षी घालते आहे. या घरात दुसऱ्या कुणी लोणच्यात मीठ घातलेलं नाही. दमले म्हणते, नको म्हणते, आणि परात ओढते. ते त्यांनी मला सोपवलेलं होतं, सोडणार कसं?

"आजी," जुईने हात हलवला. "ये तो वही है ना, पणजोबांचा किस्सा? त्यांनी लोणचं केलं होतं ते?" फोनवर ते अजून फिरत होतं, त्याच्या त्याच्या अंधारात, जिवंत. मी त्याला कधी हलताना पाहिलं नव्हतं.

"याचं नाव काय ठेवलंय?"

"अभी कुछ नहीं. लिहिलंय की नाव द्यायचंय."

तेच होतं का, कोण जाणे. मला वाटलं तेच. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांना काहीही वाटेल. पण नावाची जागा अजून कोरी होती हे ऐकलं आणि मला एकदम फार थकल्यासारखं झालं. किती वर्षं ही मूठ आवळून बसायचं?

"जुई, पणजोबांनी नाही घातलं मिठाचं पाणी," मी म्हणाले. "मी घातलं. ते इंदूरला होते. त्यांनी माझं आपल्या अंगावर घेतलं आणि मी घेऊ दिलं."

तिने फोन खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं काहीतरी विचारेल, मला सांगायचंही होतं. ती जवळ सरकली, माझी मूठ उघडली आणि त्यातलं घामाने ओलं झालेलं मीठ आपल्या ओंजळीत घेतलं.

"कितना डालूँ?" तिने विचारलं.

"घाल अंदाजाने."

"मला नाही येत अंदाज."

"येतो. घाल."

तिने घातलं. डब्यातलं आणखी घेतलं, थोडं थांबली, पुन्हा घेतलं. हाताने फोडी खालीवर केल्या. मग एक फोड उचलून माझ्या तोंडाशी धरली. तिचा चेहरा इतका गंभीर की जणू सगळं त्याच्यावर आहे.

"बरोबर आहे का, आजी?"

मीठ जरा जास्तच झालं होतं.

"बरोबर आहे," मी म्हणाले.